एवढ्याशा सशासाठी

“एवढ्याशा सशासाठी तुम्ही दोघांनी दोन दिवस महाविद्यालय बुडवलेत, तीन-चार हजार रुपये घालवलेत, आणि वर एका पदवीधर डॉक्टरांच्या ज्ञानावर शंका घेतलीत.” आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी पाठवलेल्या दीर्घ पत्रातील हे वाक्य. स्नेही निवृत्त प्राध्यापक आहेत, साक्षेपी समीक्षक आहेत, आणि त्यांच्या पत्राला उत्तर न देणे हा आमच्या संस्कारांत बसणारा पर्याय नाही. खाजगी उत्तर आम्ही तेव्हाच दिले होते. तथापि तीच दोन विधाने पुढे निरनिराळ्या तोंडून इतक्यांदा ऐकावी लागली, की प्रश्न आता आमचा आणि स्नेह्यांचा राहिलेला नाही, असे आम्हाला वाटते. म्हणून हा प्रपंच.

स्नेह्यांचे आक्षेप दोन आहेत, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध दिशांना तोंड करून उभे आहेत, हे प्रथम नोंदवले पाहिजे. पहिला असा, की ससा हा क्षुद्र जीव. त्याच्या दुखण्याचा एवढा बाऊ करणे हा मध्यमवर्गीय भावविलास. दुसरा असा, की डॉक्टरांचा सल्ला हा शास्त्राचा सल्ला. तो तोलून पाहण्याचा अधिकार मराठीच्या अध्यापकांना नाही. जीव क्षुद्र असेल तर त्याला डॉक्टरांकडे नेण्याचेच कारण नव्हते. डॉक्टरांकडे नेणे योग्य असेल तर जीव क्षुद्र कसा? स्नेह्यांसारख्या तर्ककठोर लेखकाकडून ही विसंगती निसटावी याचे आम्हाला आश्चर्य वाटले होते. आता वाटत नाही. दोन्ही आक्षेपांच्या तळाशी एकच इच्छा आहे: समोरचा प्राणी प्रत्यक्ष पाहण्याचे टाळता यावे.

घडले ते असे. आम्ही भुशीला राहतो. भुशी म्हटले की वाचकांच्या डोळ्यांसमोर धरणाच्या भिंतीवरून पायऱ्यापायऱ्यांनी कोसळणारे पाणी आणि त्यात बसलेली गर्दी येते, ते स्वाभाविकच आहे. पण हे धरण पर्यटकांसाठी बांधलेले नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने घाटात राबणाऱ्या वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी ते एकोणिसाव्या शतकात बांधले. इंजिने गेली, पाणी राहिले, आणि पाण्याबरोबर शनिवार-रविवार आले. पावसाळ्यातील या दोन दिवशी येथील रहिवाशाला घराबाहेर पडायचे तर आधी मनाची तयारी करावी लागते. ही माहिती पुढे उपयोगी पडणार आहे.

भुऱ्या आमच्याकडे आला तो वसतिगृह सोडून जाणाऱ्या एका विद्यार्थिनीमुळे. पिंजऱ्यासकट. त्याला काय घालायचे ते तिने एका चिठ्ठीवर लिहून दिले होते: गाजर, पोळी, भिजवलेले हरभरे, बिस्किट ‘आवडते’. आम्ही ती चिठ्ठी चार वर्षे प्रामाणिकपणे पाळली. अंकलिपीतल्या चित्रापासून आमचा ससा गाजरच खात आलेला होता, तेव्हा शंका येण्याचे काही कारण नव्हते. पावसाळ्यात तर ओले गवत खाल्ले की जनावराचे पोट फुगते, असे ऐकून माहीत असल्याने, आम्ही अंगणात गुडघाभर माजलेल्या हरळीकडे पाठ फिरवून त्याला हरभरे अधिक घालत होतो.

२०२३ च्या जुलैतील एका शनिवारी सकाळी त्याने गाजर हुंगले आणि सोडून दिले. पाठ कमानीसारखी करून, डोळे अर्धे मिटून तो कोपऱ्यात बसला. दुपारपर्यंत आम्ही त्याला एका डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर सज्जन होते, हे आग्रहाने सांगितले पाहिजे. पोटावर बोटांनी टकटक करून त्यांनी अपचनाचे निदान केले. लहान मुलांना देतात ते अमॉक्सिसिलिनचे पातळ औषध लिहून दिले, गुरांच्या पाचक औषधातले काही थेंब दिले, आणि पोटाला विश्रांती म्हणून उद्या सकाळपर्यंत काही खायला घालू नका असे सांगितले. “सशांना हे औषध चालते ना?” एवढा एकच प्रश्न आम्ही विचारला. “लहान बाळांना चालते, मग?” डॉक्टर हसून म्हणाले. आम्हीही हसलो. प्रश्न विचारल्याची थोडी लाजच वाटली.

संध्याकाळी शेजारच्या मावशी दूध घेऊन आल्या. त्यांच्या दोन म्हशी आहेत, आणि त्या म्हशींच्या प्रकृतीची आठवण त्यांना स्वतःच्या प्रकृतीपेक्षा अधिक असते. पिंजऱ्यासमोर त्या उकिडव्या बसल्या, भुऱ्याकडे न बघता त्यांनी पिंजऱ्याचा तळ पाहिला आणि म्हणाल्या, “मॅडम, ह्यानं आज लेंड्या टाकल्या का न्हाई?”

हा प्रश्न दिवसभरात आम्हाला सुचला नव्हता. आणखी महत्त्वाचे म्हणजे, तो आम्हाला कोणी विचारलाही नव्हता. आम्ही तळाचा कागद उचलून पाहिला. एरवी शंभरावर लेंड्या पडत तेथे सात-आठ होत्या, मोहरीपेक्षा जरा मोठ्या, सुकलेल्या. “म्हशीनं रवंथ सोडला की आम्ही बाकी काय बी बघत न्हाई,” मावशी म्हणाल्या. “मंग रात असू दे न्हाईतर पाऊस.”

त्या रात्री आम्ही संगणकासमोर बसलो. आमच्या स्नेह्यांच्या पत्रातील ‘पडद्यावरचे अर्धवट ज्ञान’ ते हेच. त्या पडद्यावर कचरा होता, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. अननसाचा ताजा रस पाजा, म्हणजे पोटात अडकलेला केसांचा गोळा विरघळतो, हा सल्ला आम्हाला वीसएक ठिकाणी मिळाला. आमच्या अल्पशा पाठचिकित्सेच्या शिक्षणाचा येथे उपयोग झाला. वीस पोथ्या एकाच पोथीवरून नकलल्या असतील तर साक्षी वीस होत नाहीत, साक्ष एकच राहते, आणि नक्कल करणाऱ्याने केलेली चूक वीस वेळा केली म्हणून तिचा शुद्ध पाठ होत नाही. भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चालले ते याच तत्त्वावर. रसाचा सल्ला देणाऱ्या त्या वीसही ठिकाणी वाक्यरचना जवळजवळ एकच होती. केसांचा गोळा हे दुखण्याचे कारण नसून आतडी मंदावल्याचा तो परिणाम असतो, असे म्हणणारे लेखन मात्र थोडे होते. पण त्यात कारणपरंपरा दिलेली होती, आणि सल्ला कोठे लागू पडत नाही तेही सांगितलेले होते. कारण न देणारा सल्ला आणि कारण देणारा सल्ला यांत निवड करायला वैद्यकाची पदवी लागत नाही. वाचता यावे लागते.

त्या वाचनातून जे कळले ते थोडक्यात असे. सशाला उलटी करता येत नाही. जे आत गेले ते पुढेच सरकले पाहिजे. त्याची आतडी अखंड चालण्यासाठी घडलेली आहेत. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक मोठी आंधळी पिशवी असते, तीत असंख्य सूक्ष्म जीव गवताचा चोथा आंबवतात, आणि त्यातून तयार झालेल्या मऊ, घोसासारख्या लेंड्या ससा स्वतःच परत खातो. (हे वाचून नाक मुरडणाऱ्यांनी गाईच्या रवंथाचे वर्णन एकदा शब्दशः करून पाहावे.) म्हणून दहा-बारा तास ससा काहीच खात नसेल तर ती विश्रांती नव्हे, तो धोक्याचा इशारा असतो. आणि म्हणूनच अमॉक्सिसिलिनसारखे पेनिसिलिनच्या कुळातील औषध सशाला तोंडाने दिले तर ते त्या पिशवीतील उपयोगी जीवाणू मारून टाकते, मोकळ्या झालेल्या जागी क्लॉस्ट्रिडियम जातीचे विषारी जीवाणू माजू शकतात, आणि ससा ज्या दुखण्यासाठी आणला त्याऐवजी औषधानेच जातो. कुत्र्याला उलट्या होत असताना एक दिवस उपाशी ठेवणे समंजसपणाचे ठरू शकते. सशाच्या बाबतीत तोच सल्ला घातक ठरतो.

हे सर्व आम्ही रात्री साडेआठपर्यंत वाचले होते. नऊ वाजता आम्ही औषधाचा दुसरा डोस दिला.

स्नेह्यांनी आपल्या पत्रात आमच्यावर उद्धटपणाचा आरोप केला आहे. त्यांना हे ठाऊक नव्हते, म्हणून येथे सांगत आहोत. आम्ही उद्धट नव्हतो. आम्ही आज्ञाधारक होतो. डॉक्टरांनी लिहून दिले आहे, कागदावर त्यांची सही आहे, त्यांना एवढ्या रात्री फोन कसा करायचा, आपण कोण, या सगळ्या सुसंस्कृत विचारांनी आमच्या हाताने ती सिरिंज त्याच्या तोंडाशी नेली. एकाने त्याला मांडीवर टॉवेलमध्ये धरले होते, दुसऱ्याने औषध घातले. त्याने प्रतिकार केला नाही. मराठीत ‘ससेमिरा’ हा शब्द आपण पाठलागाच्या अर्थी सर्रास वापरतो आणि त्यात ससा आहे असे समजतो. प्रत्यक्षात सशाचा त्याच्याशी संबंध नाही. विक्रमादित्याच्या कथाचक्रातील एक राजपुत्र आपल्यावर विसंबलेल्या अस्वलाला झाडावरून खाली वाघाच्या तोंडी ढकलू पाहतो आणि शापाने वेडा होऊन तीच चार अक्षरे बडबडत राहतो. विश्वासघाताच्या निंदेच्या चार श्लोकांची ती आद्याक्षरे. हा व्युत्पत्तीचा धडा आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकवला आहे. त्या रात्री तो नको तेवढा समजला.

रविवारी पहाटे भुऱ्याचे कान हाताला गार लागले. पुण्यात सशांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांचा पत्ता एका विद्यार्थ्याकडून मिळाला; फोन केला, त्या म्हणाल्या लगेच आणा, वाटेत गरम ठेवा. नऊ वाजता आम्ही निघालो तेव्हा धरणाकडे येणाऱ्या गाड्यांची रांग दारापुढे थांबलेली होती. आमची गाडी फाटकाबाहेर काढणेही शक्य नव्हते. मग गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवली, तिच्याशेजारी भुऱ्या, वर प्लास्टिक, त्यावर छत्री, आणि लोणावळा स्टेशनच्या दिशेने चालत निघालो. सगळा महाराष्ट्र समोरून येत होता. ओले कपडे, भाजलेली कणसे, गाण्यांचे आवाज. टोपलीत ससा आहे हे दिसल्यावर लोक थांबवत होते. “काका, एक फोटो!” एका मुलीने त्याला कणसाचे दाणे देऊ केले. तिच्या आईने “बघ, किती शहाण्यासारखा बसलाय” असे म्हटले. वेदनेत ससा शहाण्यासारखाच बसतो. ज्याची शिकार होते तो प्राणी आपले दुखणे दाखवत नाही. दाखवले तर ते त्याचे शेवटचे दुखणे ठरते.

(त्या गर्दीबद्दल आमच्या मनात राग होता तो पुढच्याच वर्षी ओसरला. ३० जून २०२४ रोजी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातील एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुले होती. त्यानंतर प्रशासनाने अशा ठिकाणी मनाई आदेश काढले. असो.)

मिळाली ती लोकल पकडून आम्ही पुण्याला पोहोचलो. डॉक्टरबाई वयाने आमच्या विद्यार्थिनी शोभतील अशा होत्या. त्यांनी प्रथम वीस मिनिटे प्रश्नच विचारले. काय खातो, किती, कधीपासून. लेंड्या केवढ्या, किती. दात खातो का. एकाच बाजूने चावतो का. चिठ्ठीतील आहार ऐकून त्या काही बोलल्या नाहीत, तेच आम्हाला फार लागले. थर्मामीटरमध्ये ताप नव्हता, उलट अंग थंड होते: ३७.३ अंश. सशाचे नेहमीचे तापमान साडेअडतीस ते चाळीसच्या दरम्यान असते. मग कानात पाहायचे उपकरण तोंडात घालून त्यांनी दाढा पाहिल्या. खालच्या दाढेला आतल्या बाजूने सुईसारखे टोक आले होते, त्याने जिभेच्या कडेला जखम झाली होती. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. ते झिजतात गवताने, तासन्‌तास आडवे चघळण्याने. पोळी आणि हरभऱ्याने ते झिजत नाहीत. ‘अपचन’ पोटात दिसत होते, पण त्याचा उगम तोंडात होता, आणि तोंडातील दुखण्याचा उगम आमच्या स्वयंपाकघरात होता.

या ठिकाणी आमच्या पडद्यावरील ज्ञानाचीही परीक्षा झाली. ती येथे लपवली तर आमचा युक्तिवाद अप्रामाणिक ठरेल. “आतड्यांची हालचाल वाढवणारे औषध द्याल ना?” आम्ही विचारले. डॉक्टरबाई म्हणाल्या, “एक्स-रे पाहिल्याशिवाय नाही देणार, सर. कुठे अडकलेलं असेल आणि मी मागून ढकललं, तर?” आम्ही म्हणालो, पेनिसिलिन सशाला विषच ना? त्या म्हणाल्या, “तोंडाने नाही द्यायचं. दाढेला गळू झालं तर तेच औषध मी इंजेक्शनने देते.” म्हणजे आमचे वाचलेले खरे होते आणि अपुरेही होते. पहिल्या सल्ल्याची चूक पडद्याने दाखवली, पडद्याची चूक डॉक्टरबाईंनी दाखवली, आणि डॉक्टरबाईंनी स्वतःविषयी सांगितले ते असे: “उद्या सकाळपर्यंत मला काही सांगता येणार नाही. आधीचं औषध दोनदा गेलंय.” ज्यांच्या ज्ञानाला सीमा आहेत असे त्यांनी स्वतः सांगितले, त्यांच्यावर आम्ही विश्वास टाकला. स्नेह्यांना ही निवड भावनिक वाटते. आम्हाला तिच्यात कसलाही हळवेपणा दिसत नाही.

एक्स-रे झाला, अडथळा नव्हता. ऊब, कातडीखाली सलाईन, वेदनाशामक, आणि अंग तापल्यानंतर सिरिंजने अन्न: गवताच्या भुकटीच्या गोळ्या पाण्यात भिजवून केलेली पेज, पुढच्या दातांमागील फटीतून, बाजूने, एका वेळी थोडी, दर दोन-तीन तासांनी. रविवारची रात्र, सोमवार आणि मंगळवार आम्ही पुण्यात नातेवाइकांकडे हेच करत होतो. मराठीच्या दोन प्राध्यापकांनी वहीत तासातासाला लेंड्यांची संख्या लिहिणे हास्यास्पद आहे, याची जाणीव आम्हाला होती. सोमवारी पहाटे चार वाजता वहीत ‘३, लहान’ अशी नोंद आहे. दोघांपैकी कोणाचे अक्षर ते ओळखू येत नाही.

आता पहिला आक्षेप. ससा फुकट मिळालेला, उपचाराचे बिल ३,४०० रुपये. स्नेही लिहितात, ‘एवढ्यात सात ससे आले असते.’ ही गणिती भाषा त्यांची नव्हे, ती गोठ्यातून आलेली आहे, आणि गोठ्यात ती पूर्णपणे न्याय्य आहे. शेजारच्या मावशींची म्हैस बसली तर घर बसते. तिच्यावर किती खर्च करायचा हा प्रश्न त्यांच्यासाठी पोटाचा आहे. आपल्याकडील पशुवैद्यक उभे राहिले तेही अशाच गरजेतून. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चे. पुढे देशाची पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून नावारूपाला आलेली प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि चार वर्षांनी हिमालयात मुक्तेश्वरला गेली. तिच्यापुढे मुख्य शत्रू होता बुळकांडी. गावेच्या गावे निर्गुर करणारा तो रोग २०११ मध्ये जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, आणि या यशात येथील पशुवैद्यांचा वाटा मोठा आहे. घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत यांच्याविरुद्ध पावसाच्या तोंडावर गावोगाव लसी टोचत फिरणाऱ्या माणसांविषयी आम्हाला आदरच आहे. अशा शास्त्रात ससा तळटीपेत असणार, हे उघड आहे.

परंतु ‘सशाविषयी फारसे माहीत नसते’ हे स्पष्टीकरण आम्ही स्वीकारू शकत नाही. सशाइतका आतून-बाहेरून माहीत असलेला प्राणी थोडाच असेल! १८८५ मध्ये पाश्चरने पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या मुलाला दिलेली लस सशांच्या मज्जारज्जूपासून तयार केलेली होती. स्त्री गर्भवती आहे की नाही हे कळण्यासाठी १९३० च्या दशकापासून कित्येक वर्षे सशिणींचे बळी गेले. प्रसाधने डोळ्यांना झोंबतात का हे सशांच्या डोळ्यांत घालून पाहिले जाई. प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास भारतात बंदी आली ती २०१४ मध्ये. आणि शिरेतून द्यायचे सलाईन ताप आणणाऱ्या अशुद्धीपासून मुक्त आहे ना, हे ठरवण्याची जुनी कसोटी म्हणजे ते सशाला टोचून त्याचा ताप मोजणे. भुऱ्याच्या कातडीखाली गेलेल्या त्या बाटलीमागे अशा किती सशांचे मोजलेले ताप असतील! सशाच्या शरीराचे ज्ञान आहे, भरपूर आहे. ते माणसाच्या कामासाठी मिळवलेले असल्याने प्रयोगशाळेत राहिले, दवाखान्यापर्यंत आले नाही. स्नेही ज्याला सशाची क्षुद्रता म्हणतात ती त्या ज्ञानाच्या वाटपातली आहे. सशात ती शोधून सापडणार नाही.

पत्राच्या शेवटी स्नेह्यांनी एक उपायही सुचवला आहे: ‘रानचा जीव आहे, राजमाचीकडे सोडून द्या, निसर्ग काय ते पाहील.’ येथे दोष थोडा आपल्या भाषेचा आहे. सह्याद्रीच्या उतारांवर संध्याकाळी उड्या मारत जाणारा आणि आमच्या पिंजऱ्यातला, दोघांनाही आपण ‘ससा’ म्हणतो. ते दोन वेगळे प्राणी आहेत. रानातला ससा उघड्यावर राहतो, त्याची पिल्ले डोळे उघडे ठेवून, अंगावर केस घेऊन जन्मतात. तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्याला पकडून पाळणे गुन्हा आहे. पिंजऱ्यातल्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचे. ते बिळे खणतात, त्यांची पिल्ले आंधळी आणि उघडी जन्मतात. तेथला ससा १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियात हौसेने सोडला गेला आणि त्याने त्या खंडाची कुरणे उजाड केली, हे एक टोक. चार वर्षे पोळी खाल्लेला, दाढ दुखणारा एकटा भुऱ्या राजमाचीच्या वाटेवर पहिली रात्रही काढू शकला नसता, हे दुसरे. आपल्या कथांमध्ये ससा सिंहाला विहिरीत बुडवतो, पाठीवर पान पडताच आभाळ कोसळले म्हणून पळतो, कासवाशी हरतो, अतिथीसाठी अग्नीत उडी घेतो आणि चंद्रावर जातो. तो कधी आजारी पडत नाही. आम्ही हे सर्व ससे वर्गात शिकवले, आणि घरी त्यांच्यापैकीच एकाला गाजर घालत राहिलो.

दुसऱ्या आक्षेपाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पदवीधरांना दिला आहे, तो योग्यच आहे. पडद्यावर वाचून स्वतःच्या मनाने औषधे देणाऱ्यांची बाजू आम्ही मुळीच घेत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की औषध लिहिण्याचा अधिकार एकाचा असला तरी ‘का’ विचारण्याचा अधिकार त्यामुळे दुसऱ्याचा जात नाही. प्राणी स्वतः बोलत नाही. रात्री तीन वाजता तो कसा बसला होता, हे त्याच्या वतीने सांगणारा माणूस त्या खोलीत एकच असतो. त्याने तोंड मिटून घेतले तर डॉक्टरांपुढे अर्धाच रोगी ठेवलेला असतो. स्नेह्यांनी स्वतः चाळीस वर्षे प्रस्थापित समीक्षकांच्या निर्णयांना ‘पुरावा काय?’ हा प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नामुळेच आम्ही त्यांना गुरुस्थानी मानतो. तो प्रश्न दवाखान्याच्या पायरीवर चपलांबरोबर काढून ठेवावा, असे ते म्हणतात तेव्हा आम्हाला वाईट वाटते.

भुऱ्या त्यानंतर सव्वा वर्ष जगला. दाढा दर तीन महिन्यांनी भूल देऊन घासाव्या लागत. (भूल देण्याआधी सशाला उपाशी ठेवायचे नसते, हेही तेव्हाच कळले.) हरळी तो पावसातलीच, झटकून दिलेली, मनसोक्त खाई, ताज्या ओल्या गवताने काही होत नाही, ढीग करून ठेवून तापलेल्या, आंबलेल्या गवताने होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका भुलीतून तो पुरता बाहेर आला नाही. तीही जोखीम आधी सांगितलेली होती.

पहिल्या डॉक्टरांकडे आम्ही त्या जुलैतच परत गेलो होतो. जाण्यापूर्वी बरेच दिवस टाळाटाळ केली, कारण ते अपमान मानतील असे आम्हालाही वाटत होते. त्यांनी सर्व ऐकून घेतले. मग खुर्चीवरून उठून कपाटातले एक जाडजूड पुस्तक काढले, बराच वेळ पाने उलटली, आणि “बरोबर आहे, आम्ही हे परीक्षेपुरतं वाचलं होतं” असे म्हणाले. कोणकोणती औषधे, ते त्यांनी आम्हाला पुन्हा विचारले नाही. डॉक्टरबाईंचा नंबर घेऊन त्यांनाच फोन लावला. आता त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर, लसीकरणाच्या तक्त्याशेजारी, सशांना तोंडाने न द्यायच्या औषधांची यादी हाताने लिहून चिकटवलेली आहे. खाली ‘उपाशी ठेवू नये’ असे लाल शाईत आहे. आमच्या स्नेह्यांना ती पाहायची असल्यास त्यांनी अवश्य यावे. फक्त पावसाळ्यात शनिवार-रविवार टाळावा.